तांदळावरचं 'श्री'

सांगायला लाज वाटते, पण चहा ओतलाच आहे तर ऐका. मी माझ्याच घरात चोर पकडायला निघालो होतो!

पलटणीत मी अठरा वर्षं रेशनचं स्टोअर सांभाळलं. रिटायर होऊन पलूसला आलो तरी नजर तीच. यंदा आमच्या तांदळाचा डबा भलताच लवकर उतरायला लागला. घरात माणसं तीन: मी, बायको आणि सूनबाई. मुलगा फौजेत. बायकोवर संशय घ्यायची माझी छाती नाही. मग राहिलं कोण, तुम्हीच सांगा?

खळ्यावरच्या राशीला कुणी हात लावला तर कळावं म्हणून राखेची रेघ मारतात ना? तसं मी डब्यातल्या तांदळावर बोटानं 'श्री' लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर 'श्री' जागच्या जागी, पण माझ्यापेक्षा वळणदार! सूनबाई शाळेत शिक्षिका. आणखी काय पुरावा पाहिजे?

बायकोच्या कानात सांगितलं, सून माहेरी तांदूळ पोचवते. ती जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर टेकली. हल्ली ती सारखीच टेकायची. दम लागतो, चक्कर येते म्हणायची. मी म्हणायचो, सकाळी फिरायला जात जा.

रविवारी दुपारी तोंडावर भोक पाडलेला पेपर घेतला आणि घोरण्याचं सोंग केलं. डब्याचं झाकण वाजलं. बघतो तर आमची बायको! मूठभर कच्चे तांदूळ तोंडात टाकले आणि शांतपणे 'श्री' लिहिलं.

"अगं, कच्चं तांदूळ?"

"काय करू? दोन महिनं झालं, खाल्ल्याबिगर चैनच पडत न्हाई."

सूनबाई धावत आली. तिनं सासूची खालची पापणी ओढली. "मामा, हिकडं बघा. आतनं पांढरंफट्टक हाय. आत्यांचं रक्त कमी झालंय."

मी म्हटलं, उद्या जाऊ. तिनं तोवर गाडी काढली होती.

हिमोग्लोबिन निघालं सात. दम, चक्कर, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं, सगळं त्याचंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, रक्त जातंय कुठं ते शोधायला हवं. तेव्हा कळलं, सहा महिने पाळीत फार रक्त जात होतं आणि ही अंगावर काढत होती. असंच चाललं असतं तर हृदयावर ताण आला असता. खरंच घाबरलो.

रोजच्या गोळ्यांवर लक्ष कोण ठेवणार, असं बाईंनी विचारलं. मी हात वर केला.

"ह्यास्नी नको," बायको म्हणाली. "ह्यांची नजर डब्यावर. माणूस दिसत न्हाई."

आता गोळ्या सूनबाई देते, पुढच्या तपासण्याही तीच करून घेते. मी रोज सकाळी बायकोची पापणी ओढून लाली आली का ते बघतो.

परवा ती सुनेला म्हणाली, "बघ गं, तांदूळ झालं. आता माझी झडती चाललीया."