विहिणीशी बोलण्यापुरतं इटालियन

आमच्या लेकीनं लग्न इटलीत केलं, तेही रजिस्टर. त्यामुळे विहिणीचे पाय धुणं, मानपान, रुसवेफुगवे हे सगळं माझं राहून गेलं. जावयांना इंग्रजी येतं, विहीणबाईंना फक्त इटालियन. व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसायचो आणि मधे लेक बोलायची.

मला विहीणबाईंना एकच गोष्ट सांगायची होती. आमची मुलगी दुखावली की गप्प बसते, चार-चार दिवस. तो तोरा नसतो, तिला आतून वाईट वाटलेलं असतं. त्या घरात हे कुणी ओळखलं नाही तर तिचं कसं व्हायचं, या विचारानं माझा जीव टांगणीला लागला होता. आणि हे तिलाच मधे बसवून कसं सांगणार?

म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी मी तिचं कपाट उघडलं. इटालियन शिकताना तिनं वापरलेली बारकी पुस्तकं तिथंच होती. जुन्या, मोठमोठ्या कादंबऱ्या साठ-साठ पानांत बसवलेल्या. सोपे शब्द, मधे चित्रं, शेवटी प्रश्न, आणि समासात तिनं पेन्सिलीनं लिहिलेले मराठी अर्थ. मूळ कादंबरी ही पंगत असेल तर ही नुसती पेज होती. पण पेज पचते.

पेणला रामवाडीत आमचा पोह्याच्या पापडांचा घरगुती धंदा आहे. पापड उन्हात घातले की कावळ्यांवर नजर ठेवून बसावं लागतं. तोच माझा वर्ग. फोनवर पुस्तकाचं वाचन लावायचं आणि मागोमाग म्हणायचं. पापड लाटायला गडबहून एक बाई येते, तिला रोजची गोष्ट मराठीत सांगावी लागे. आल्या आल्या विचारायची, "काल तो सरदार मेला का वाचला गो?"

माझी बहीण रोह्याजवळ वरशाला राहते. तिला हे थेर वाटले. "तुला इंग्रजी धड येत नाय, नि इटालियन कशाला?"

"इंग्रजीत माझी विहीण नाय," मी म्हटलं.

एक अडचण होती. या पुस्तकांत जेवण कमी आणि मरण जास्त. विष, तलवार, मृत्युपत्र, बेवारस मूल हे सगळे शब्द मला पाठ झाले. पण 'अजून थोडा भात घ्या' कुठल्याच पानावर सापडेना. त्यामुळे यंदा हिवाळ्यात विहीणबाई आल्या तेव्हा मी दारातच म्हणाले, "बाईसाहेब, आपण जिवंत पोहोचलात, ही देवाची कृपा." जावई तोंड फिरवून उभे राहिले. जेवताना आग्रह तर करायलाच हवा, विहीण आहे. मला येत होतं ते वाक्य म्हटलं, "खा, नाहीतर मराल." बाईंनी निमूटपणे तिसरी भाकरी घेतली.

चौथ्या दिवशी लेक आणि जावई वरशाला मावशीकडे गेले. गडबची बाई त्या दिवशी आली नव्हती. मी लाट्या करून एकटीच लाटायला बसले, तर विहीणबाईंनी बाह्या सरसावल्या आणि दुसरं लाटणं उचललं. विहिणीला कामाला लावायचं म्हणजे पाप. पण नको म्हणायचं तरी कसं? माझ्या पुस्तकांत नकार द्यायला थेट तलवारच काढत. त्यांचा पहिला पापड गोव्याच्या नकाशासारखा झाला. दहावा माझ्या पापडाइतका गोल.

हीच वेळ होती. मी लाटणं खाली ठेवलं आणि तीन महिने घोकलेलं बोलून टाकलं. "माझी मुलगी दुःखी असते तेव्हा ती बोलत नाही. ती रागावलेली नसते. तुम्ही तिच्याजवळ बसा." सगळे पहिल्या पुस्तकातले शब्द. त्याहून अवघड काही लागलंच नाही.

विहीणबाईंनीही लाटणं खाली ठेवलं. "ती? बोलत नाही?" मग त्या सावकाश, माझ्यासाठी एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "ती माझ्याशी भांडते. रोज. परवा तिनं दार आपटलं. मीही आपटलं. मग आम्ही कॉफी प्यालो."

भांडणाचा शब्द मला चांगला येत होता, त्यामुळे चुकीचं ऐकलं असं म्हणायलाही जागा नव्हती. मला हसू आलं, हायसं वाटलं आणि पाठोपाठ एक गोष्ट आठवली. आमच्या घरात तिनं कधी दार आपटलं नाही. आपटायची ती मीच.

संध्याकाळी लेक परतली. सासूचे हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले तिनं पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता आत गेली. ओळखीचा प्रकार. एरवी मीही तोंड फिरवून बसले असते. त्या दिवशी मी मागोमाग गेले.

"गप्प नको बसू. भांड माझ्याशी."

"तू बोलू दिलंयस कधी, आई?" ती म्हणाली.

मग ती अर्धा तास भांडली. शाळेपासूनचं सगळं काढलं. मी मधे एकदाही बोलले नाही.