लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर मोडलेला उपास

देव आपलं ऐकतो का, हा प्रश्न मला दर तीन-चार महिन्यांनी पडायचा. माझी पाळी कधीच वेळेवर आली नाही. ती चुकली की पहिले काही दिवस मी घाबरत घाबरत आनंदात असायचे. जड उचलायचं नाही, पपई खायची नाही, असे नियम मनातल्या मनात पाळायचे. मग मेडिकलमधून आणलेल्या पट्टीवर एकच रेघ उमटायची. त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी पाळी यायची ती अशी, की गोठ्यापर्यंत चालत जाणंही नको व्हायचं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. तो आनंद आणि ते दुःख मी किती वेळा एकटीनं भोगलं, हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

आम्ही राजुरीचे. नवरा चाकणला कंपनीत, आठवड्यातून एकदा घरी येतो. एरवी घरात मी आणि सासूबाई, आणि गोठ्यात दोन गाई. सासूबाई कधी टोचून बोलल्या नाहीत. पण भावकीत कुणाचं डोहाळजेवण असलं की “तू गाईंचं बघ,” एवढंच म्हणून निघायच्या. पुढे पुढे त्यांना तेही म्हणावं लागलं नाही. माझ्या हनुवटीवर राठ केस यायचे. सासूबाई उठायच्या आत मोरीचं दार लावून मी ते चिमट्यानं उपटायचे. मान काळी पडली होती, ती टाचा घासायच्या वजरीनं घासून घासून सोलून निघायची. जुन्नरच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून पीसीओएस असं नाव सांगितलं, वजन कमी करा म्हणाल्या, गोळ्या लिहून दिल्या. बाहेर बायकांची रांग होती. मूल होईल का, हे विचारायचा धीर झाला नाही. दोन महिने गोळ्या घेतल्या, मग त्या गोळ्यांनी गर्भपिशवी खराब होते असं कुणीतरी म्हणालं आणि मी त्या बंद केल्या. हे दुखणं नाही, कसलीतरी शिक्षा आहे, असं मनानं घेतलं होतं. मग गोळीपेक्षा उपास बरा वाटला. सोमवार, मंगळवार, संकष्टी. दिवसभर गोड चहावर राहायचं आणि मग साबुदाणा, बटाटा. वजन वाढतच गेलं.

त्या वर्षीच्या अंगारकीला मी लेण्याद्रीला जायचं ठरवलं. गिरिजेनं इथे तप केलं आणि गणपती तिच्या पोटी आला, म्हणून आमच्याकडच्या बायका मूल मागायला इथे येतात. आदल्या दिवसापासून पोटात काही नाही, पाण्याचा थेंब नाही, अनवाणी चढायचं, असा मी नवस केला होता. जुन्नरहून जीपनं पायथ्याशी पोचले. अर्ध्यावर आले असेन, तेव्हा समोरच्या पायऱ्या एकात एक मिसळायला लागल्या. कानात नुसता वारा भरला. मी कठड्याला धरून खाली बसले. शेजारून माणसं जात होती. त्या गर्दीत मला जितकं एकटं वाटलं, तितकं रिकाम्या घरातही कधी वाटलं नव्हतं. मी म्हटलं, देवा, आता तुला हवं ते कर.

तेवढ्यात वरून उतरणारी एक बाई माझ्यापाशी थांबली. साठीच्या पुढची, काटक, नऊवारी नेसलेली, काखेत कापडी पिशवी. तिनं माझी नाडी धरली, आणि धरण्याच्या पद्धतीवरून मला कळलं की हे तिच्या रोजच्या कामातलं आहे. सकाळपासून काय खाल्लंस, असं तिनं विचारलं. मी नवसाचं सांगितलं. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली आणि भाजलेले शेंगदाणे काढले. मी मानेनंच नको म्हटलं, तशी ती म्हणाली, “आईला पोर उपाशी बघवत न्हाई. ही तर गिरिजेची जागा हाय. खा.”

मी खाल्लं. रडत खाल्लं. ती शेजारी बसून राहिली. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला सरकारी दवाखान्यात ती सिस्टर होती, आता घरीच असते, असं तिनं सांगितलं. मग तिनं माझा पदर जरा बाजूला करून मान पाहिली. लोक ती मान बघून नजर वळवायचे. ती मात्र नीट बघत राहिली.

“ह्ये घासून जायचं न्हाई, बाय. आतून आलंय. माझ्या लेकीलाबी हाय.”

मग तिनं मला समजेल अशा भाषेत सगळं सांगितलं. अशा शरीरात साखरेचं काम बिघडतं, अंगावरची लव दाट होते, दर महिन्याला बीज धरतं पण पूर्ण पिकत नाही, म्हणून पाळी लांबते. चार-चार महिने पाळी न येणं अंगावर काढायचं नाही, त्यानं गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराला धोका असतो. साखर आणि थायरॉईड तपासून घे, गोळ्या आपल्या मनानं बंद करू नकोस, दिवसभर उपाशी राहून रात्री साबुदाणा खाऊ नकोस, भाकरी-उसळ खा, रोज चाल. मी विचारलं, मग मूल होईल का? तिनं माझा पदर पुन्हा नीट केला.

“पुष्कळ जणींना व्हतं. तुझं मी कसं सांगू? पण ही शिक्षा न्हाई, येवढं मी सांगते.”

मला हात देऊन तिनं उठवलं, आणि ती उतरून गेली. नाव विचारायचं राहिलं. वर गाभाऱ्यात उभी राहिले तेव्हा माझ्याकडे मागायला काही उरलंच नव्हतं. एवढी वर्षं पाठ केलेलं मागणं आठवेना. नुसती उभी राहिले, आणि हलकं वाटलं.

त्या रविवारी नवऱ्याला सगळं सांगितलं, हनुवटीच्या केसांसकट. तो म्हणाला, “मला वाटायचं, तू माझ्यावर नाराज हायस, म्हणून बोलत न्हाईस.” पुढच्या वेळी तो माझ्याबरोबर जुन्नरला आला आणि यादी करून आणलेले प्रश्न त्यानंच डॉक्टरीणबाईंना विचारले. साखर वाढलेली निघाली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. कॅनॉलच्या कडेनं मी रोज चालू लागले, बहुतेक एकटीच. काही महिन्यांनी डिंभ्याला जाऊन त्या सिस्टरची चौकशी केली. दवाखान्यातली माणसं नवी होती, कुणाला ओळख पटली नाही. ती कोण होती, यावर मी वाद घालत नाही. माझ्यासाठी ती वेळेवर आली.

मूल अजून नाही. पुढचं मला माहीत नाही, आणि माहीत नसण्याची भीती आता पूर्वीसारखी वाटत नाही. पण मागच्या श्रावणात लागोपाठ तिसऱ्या महिन्यात माझी पाळी वेळेवर आली. जिच्या येण्यानं मी इतक्या वेळा रडले होते, ती आली म्हणून त्या सकाळी डोळे भरून आले. आमच्याकडे त्या दिवसांत देवघरात जात नाहीत. मी उंबऱ्याच्या बाहेर बसले, आणि तिथूनच हात जोडले.