मंगलीच्या ओळी

सुकरी लग्न होऊन एटापल्लीकडच्या त्या गावात आली, तेव्हा सासूने तिला आधी देवाच्या न्हाणाचं गाणं शिकवलं, भात रांधणं मागाहून. गाणं गोंडी आणि लांबलचक. देव पाण्यातून वर येईस्तोवर आवाज तुटू द्यायचा नाही, म्हणून बाया जोडीने बसत. एकीने दम घेतला की दुसरी ओळ सांभाळी. सुकरीच्या जोडीला मंगली होती. एरवी दोघींचं पटत नसे. मंगलीच्या कोंबड्या सुकरीच्या परसात अंडी घालत आणि त्यावरून वर्षानुवर्षं तोंडातोंडी चाले. न्हाणाच्या दिवशी मात्र खांद्याला खांदा.

एकेक करून बाया गेल्या. शेवटी मंगलीही गेली आणि गाणारी एकटी सुकरी उरली.

त्याच वर्षी नागपूरहून कुलदीप नावाचा माणूस रेकॉर्डिंगचं सामान घेऊन आला. त्याला जुनीच वाद्यं हवी होती, आणि गाणं खऱ्या न्हाणात, गावासमोर, एका दमात. एरवी न्हाणाला ढोल वाजवणाऱ्या झिंगूने आज्याची किंगरी आढ्यावरून काढून तिला आतड्याची तार चढवली. सुकरी चुलीपुढे बसून एकटीने गाणं ओढायची सवय करू लागली.

"आत्या, भाजी जळून राह्यली," सून दीपिका म्हणाली.

"जळू दे. हे एकडाव पुरं भरलं का मी मराले मोकळी."

"मरशील तं मंगलीबाई तिथी अंडे मांगन तुले."

न्हाणाच्या दिवशी सगळं नीट चाललं होतं. मग देव ज्या डोंगरांवरून आला त्यांच्या नावांचं कडवं आलं. दोन नावं झाली आणि सुकरीची मान आपसूक डावीकडे वळली. तिथे कोणी नव्हतं. नुसती किंगरी वाजत राहिली. सुकरीने पुढच्या कडव्यापासून गाणं उचललं आणि शेवटाला नेलं.

"आजी, तेवढं एक कडवं परत म्हणा, मी जोडून घेतो," कुलदीप म्हणाला.

"देव आत गेला," झिंगू म्हणाला. "आता गाणं तोंडात आणाचं नाई."

"तू वाजव. देवाले मी समजावीन."

तिने सुरू केलं. दोन नावं आली. तिसऱ्याला तोंड उघडंच राहिलं. त्या दोन ओळी सासूने मंगलीला दिल्या होत्या. सुकरी तेवढ्यात पुढच्या लांब ओढीसाठी छाती भरून घेई. चुलीपुढेसुद्धा ती तिथे थांबतच होती, हे तिच्या आता ध्यानात आलं.

"इतके वर्षं कानापाशी म्हणे ते, अन् तुले याद नाई?" झिंगू म्हणाला.

"मी दम घेत होती न. अन् तुमचा ढोल तिथीच आपटे."

दीपिकाने चंद्रपूरला मंगलीच्या मुलीला फोन लावला. तिला गोंडीच येत नव्हती.

सुकरी आठ दिवस परसात फिरून ती नावं आठवत राहिली. आली ती आपल्या शेतामागच्या टेकड्यांची. ती खरी नव्हेत, एवढं तिला कळत होतं.

रेकॉर्डिंग तसंच बाहेर पडलं. गावातल्या पोरी मोबाइलवर ऐकून गाणं शिकल्या. पुढल्या न्हाणाला दोन रांगा भरून बसल्या आणि छान गायल्या. डोंगरांच्या कडव्यात दोन नावं म्हणून सगळ्या एकदम थांबल्या, दोन ओळींइतकं गप्प बसल्या, दम घेतला आणि पुढे निघाल्या.

"बरोबर म्हणलं न, आजी?" त्यांतल्या एकीने विचारलं.

"हो," सुकरी म्हणाली. "तसंच हाय त्यात."