ओरेमच्या नावापुढचं साल

शनिवारी मंडळाच्या जेवणाला ओरेम आला तर काय, ही काळजी कोरीनच्या मनातून काही केल्या जाईना. पाय ओढत, हसत तो आत येणार, हात पुढे करून आपलं नाव सांगणार. आणि मंडळाच्या दप्तरात तो मरून पंधरा वर्षं झालेली.

मारलं होतं कोरीननंच. पेनानं.

ओरेम हॅन्डली म्हणजे तिच्या नवऱ्याचा थोरला चुलतभाऊ. बापाची पाठ मोडली तेव्हा अकरावीतून शाळा सोडून तो होडीवर गेला आणि चाळीस वर्षं खाडीतले खेकडे धरत राहिला. गुडघे गेल्यावर होडी विकली आणि क्रिसफील्डच्या धक्क्यावर लोकांचे पिंजरे दुरुस्त करायला बसला. बायको, लोर्ना, चार वर्षं अंथरुणाला खिळली होती. तिची वेणी तोच घालायचा, वाकडीतिकडी, आणि वर म्हणायचा, "दोरखंड बरा वळतो मी, केसांना फार मिजास." मूलबाळ झालं नाही. कोरीनच्या प्रेस्टनला पोहायला त्यानंच शिकवलं.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या अधिकाऱ्यांच्या वंशजांच्या त्या मंडळात एका अधिकाऱ्यामागे एकच खुर्ची असते, आणि ती थोरल्या पातीची, म्हणजे थोरल्या मुलाच्या वंशाची. कॅप्टन लेविन हॅन्डलीची खुर्ची आजेसासऱ्यांनंतर साठ वर्षं रिकामी होती. थोरली पाती ओरेमच्या बापाची, पण त्याला खुर्चीचं सोयरसुतक नव्हतं. कोरीनला मात्र होतं. नवरा गेल्यापासून प्रेस्टन कुठे टिकेना. दोन नोकऱ्या सुटल्या, दिवसदिवस बोलायचा नाही. पोराच्या छातीवर कुणीतरी कॅप्टनचं पदक लावलं, तर त्याची मान जरा वर होईल असं तिला वाटलं.

अर्जात एक रकाना होता. थोरल्या पातीतला माणूस हयात असेल तर हक्क सोडल्याची त्याची सही जोडा. नसेल तर मृत्यूचं साल आणि 'निःसंतान' असं लिहा.

एका सहीचं काम होतं. पण ओरेमनं नाही म्हटलं तर? किंवा 'मीच बसतो की' म्हणाला तर? आणि खरं सांगायचं तर, ज्याच्या सदऱ्याला आमिषाचा वास येतो त्याच्यापुढे हात पसरायचा तिला कमीपणा वाटला. तिनं 'निःसंतान' लिहिलं. साल सुचेना, तेव्हा हाताला जे आलं ते लिहून मोकळी झाली. लोर्ना गेली ते साल होतं ते.

पुराव्याचं, घराण्याच्या जन्ममृत्यूच्या नोंदी असलेलं बायबल तर ओरेमकडेच होतं. तिनं फोन करताच साठ मैल गाडी हाकत तो स्वतः घेऊन आला, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून.

"कॅप्टनसाहेबांना सांभाळून ने बरं, कोरीन," तो म्हणाला. "पोरगा बसणार ना खुर्चीवर? झकास! मी बसलो असतो तर खुर्ची महिनाभर उन्हात टाकावी लागली असती."

शेवटच्या पानावर त्याच्या आईच्या अक्षरात त्याचं नाव होतं. कोरीननं त्या पानाची प्रत काढली नाही.

गुरुवारी दुपारी प्रेस्टन स्वयंपाकघरात आला. कित्येक महिन्यांनी शीळ घालत होता.

"आई, ओरेमकाका येतोय शनिवारी, माझ्या पदकाच्या जेवणाला. मी बोलावलं. कोट विकत घेतलाय त्यानं, बटणं लागत नाहीत म्हणे, पण श्वास धरून बसेन म्हणतो."

"त्याला कशाला? त्याला तिथं अवघडल्यासारखं होईल."

"त्याला, की तुला?"

कोरीननं ओटा पुसायला घेतला.

"मंडळाचे चिटणीस पाहुण्यांची नावं मागताहेत, नात्यासकट," प्रेस्टन म्हणाला. "काय लिहू? वडिलांचा थोरला चुलतभाऊ?"

ओरेमला आत्ता सांगता आलं असतं की जागा भरल्या. 'बरं' म्हणून त्यानं कोट खुंटीला लावला असता आणि एका शब्दानं विचारलं नसतं. हे तिच्या मनात आलं, आणि याचीच तिला खोटं लिहिण्यापेक्षा जास्त शरम वाटली.

"बस जरा," ती म्हणाली. "तुझ्या अर्जात मी खोटं लिहिलंय. ओरेम मेला असं लिहिलंय."

प्रेस्टननं खुर्ची ओढली, पण बसला नाही. "कधी मेला?"

तिनं साल सांगितलं. ते साल त्यानं लगेच ओळखलं. लोर्नाकाकूच्या शवपेटीला खांदा दिलेला पोर तो.

"त्याची सही मागायची होतीस ना गं. त्यानं दहा दिल्या असत्या."

"माहितेय."

"मग शनिवार?"

"शनिवार नाही आता. नंतरही खुर्ची देतील की नाही, ठाऊक नाही."

तो मागच्या दारानं बाहेर गेला. दार आपटलं नाही, हळू लावून घेतलं. त्यानं आपटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

चिटणिसांचा नंबर समोर होता. त्यांना, परक्या माणसाला, कोरड्या भाषेत कबूल करणं त्यातल्या त्यात सोपं होतं. पण ओरेमला हे चिटणिसांच्या पत्रातून कळता कामा नये. त्याला सही मागायची नाही, पोराचं नाव मध्ये आणायचं नाही, फक्त काय लिहिलं ते सालासकट सांगायचं, असं तिनं ठरवलं. यावेळी तो धक्क्यावर असतो, फोन खिशात असतो.

तिनं ओरेमचा नंबर लावला.