शिशाचा पिवळा रंग

“ह्ये मला वाटतंय. खरं काय त्ये बघाय पायजे,” असं म्हणून आप्पा ओलं सूत उजेडाकडे धरायचे आणि एक डोळा मिटायचे. वडगावच्या विणकरांना सूत रंगवून देणारे हे रंगारी. त्यांचा पिवळा रंग कितीही धुतला तरी उतरत नसे. स्वतःच्याच कामावर असा संशय घेणारा कारागीर तुम्ही पाहिला असेल, तर तुम्ही नशीबवान. मी एकच पाहिला.

मी तेव्हा तिथल्या टपाल कचेरीत कारकून होतो. आप्पांना मराठी, कानडी वाचता यायचं. इंग्रजी पत्र असलं की माझ्याकडे यायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. शेजारच्या विणकराची बायको, आक्का, रोज दुपारी भाकरी आणून ठेवायची. “दिसातनं तेवढंच कोन तर दार उघडतंय बघा,” असं ते हसत सांगायचे.

एका उन्हाळ्यात आक्काचं पोट दुखायला लागलं. कळ आली की ती मागाच्या खांबाला धरून बसायची. वैद्यांनी अपचन म्हटलं, सासूने देवाला कौल लावला. आप्पा मात्र तिचं काम बघत बसले. मागाच्या धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरताना सूत तुटलं की ती टोक ओठात धरून ओलं करायची. दिवसभर तेच. आणि सूत आप्पांचं, पिवळं.

दुसऱ्या दिवशी ते सुताची लडी घेऊनच कचेरीत आले. देशातल्या शास्त्रज्ञांनी मिळून एक सभा, म्हणजे संस्था, काढल्याची बातमी मीच त्यांना वाचून दाखवली होती.

“मास्तर, ह्ये त्यास्नी पाठवा. हेच्यात ईख हाय काय, ईचारा.”

“आणि हो, विष आहे म्हणाले तर? धंदा बसेल तुमचा.”

“बसंल की. पर त्यास्नी माझ्या धंद्याचं काय पडलंय? म्हणून तर त्यास्नीच ईचारायचं.”

दीड महिन्याने उत्तर आलं. रंगात शिसं आहे, ते पोटात गेलं की अशीच कळ येते. सूत तोंडात धरू नये, हा रंग वापरू नये. खाली लिहिलं होतं, ‘मनाई करण्याचा अधिकार आम्हाला नाही. जे आहे ते सांगणं एवढंच आमचं काम. आपली परवानगी असल्यास हे छापू, म्हणजे इतर गावांनाही कळेल.’

“छापा म्हणावं,” आप्पा म्हणाले. “रंगाऱ्याचं नाव बी घाला.”

त्याच संध्याकाळी त्यांनी देवळापुढे विणकरांना गोळा करून सगळं सांगितलं. आक्काचा नवरा उठून उभा राहिला.

“म्हंजे इतकी वर्सं तुम्हीच आमास्नी ईख देत आलता?”

“व्हय रं. मला ठावं न्हवतं. पर मीच.”

उरलेली रंगाची भुकटी आप्पांनी माळावर खोल खड्डा काढून पुरली. बायकांनी सूत तोंडात धरणं सोडलं. दोन महिन्यांत आक्का हिंडूफिरू लागली. भाकरी मात्र बंद झाली. आप्पा लाल, निळं रंगवायला तयार होते, पण कुणी सूतच आणेना. मग ते रोज कचेरीत येऊन बाकावर बसायचे. “टपाल न्हाय, आप्पा,” मी सांगायचो. “ठावं हाय. बसतो जरा,” ते म्हणायचे.

पावसाळा सरल्यावर ते निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला गेले. मला पत्ता देऊन गेले.

त्यानंतर एकदा आक्का कचेरीच्या खिडकीशी आली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, “आप्पास्नी लिवा, मी बरी हाय. लई बरी हाय.” मी कार्ड लिहिलं. पंधरा दिवसांनी ते परत आलं. माणूस वखार सोडून गेला होता, कुठे ते कुणाला माहीत नव्हतं.

त्याच महिन्यात त्या शास्त्रज्ञांच्या सभेचं एक जाड पाकीट आप्पांच्या नावे आलं. त्यांची सगळी इंग्रजी पत्रं मीच फोडून वाचून दाखवली होती. पण तेव्हा ते समोर असायचे. नियमाप्रमाणे मी आठवडाभर वाट पाहिली. मग पाकिटावर ‘मालक सापडत नाही’ असं लिहिलं, शिक्का मारला आणि न फोडताच ते परतीच्या टपालाबरोबर बेळगावच्या थैलीत टाकलं.