ताईचे तीन इंच

दोष अप्पांचा होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात मूर्ख मीच दिसणार आहे, आणि मग तुम्हाला वाटेल की सुरुवातही यानेच केली असेल. नाही. सुरुवात आमच्या वडलांनी केली, निळ्या शाईने, सुवाच्य अक्षरात, एका कागदावर.

कागद ताईच्या लग्नाच्या माहितीचा होता. वय सव्वीस, खरं. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स, खरं. स्वभाव मनमिळाऊ, चला, सोडून देऊ. उंची पाच फूट चार इंच. आता ताईची उंची पाच फूट एक इंच आहे. अप्पा कॉव्हेंट्रीला एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात. लोखंडाच्या पट्टीत केसभर फरक निघाला तर या माणसाला रात्री जेवण जात नसे. पोटच्या मुलीच्या बाबतीत मात्र तीन इंच ठोकून मोकळे.

माझ्याशी ते तेव्हा बोलत नव्हते. मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं होतं. का सोडलं ते विचारू नका, अप्पांनीही विचारलं नाही. त्यांनी फक्त माझी ट्रंक दाराबाहेर ठेवली. तेव्हा मी नॉटिंगहॅमला आलो, ताईच्या बिऱ्हाडात पुढच्या खोलीतल्या सोफ्यावर राहायला लागलो आणि बायकांच्या बुटांच्या दुकानात लागलो. आई जाऊन पाच वर्षं झाली होती. म्हणजे घर म्हणावं अशी मला एकच जागा होती, आणि ती तो सोफा.

तर मुलाकडचे लंडनच्या टोकाला इल्फर्डचे बापट. मुलगा दिलीप, डॉक्टर, हाडांच्या वॉर्डात. पत्रव्यवहार अप्पा आणि बापटकाकू यांच्यात झाला, पण दरम्यान दिलीपने ताईला फोन केला. मग दर रविवारी करायला लागला. फोन जिन्याखाली होता. सहा रविवार मी सोफ्यावर पडून ऐकलं. ताई फोनवर हसत होती. आमच्या ताईला हसताना मी फारसं पाहिलेलं नाही, त्यामुळे पहिल्या रविवारी मला वाटलं तिला ठसका लागला.

सहाव्या रविवारनंतर ती मला म्हणाली, "अरे, हे जमायला हवं हं."

एवढंच म्हणाली. ताईने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवतं ते एवढंच.

मग बघण्याचा दिवस ठरला, आणि अप्पांना एकदम स्वतःची निळी शाई आठवली. त्यांनी ताईला फोन केला. मी शेजारीच उभा होतो, पण निरोप तिच्यामार्फत.

"अप्पा म्हणतायत, तुझा भाऊ त्या दुकानात आहे तर त्याला म्हणावं, एवढं तरी कर. तीन इंचांचं काहीतरी बघ."

उंच टाचांबद्दल माझं मत तेव्हाही वाईट होतं, आजही वाईट आहे. दर शनिवारी मी गुडघ्यावर बसून सहा नंबरचे पाय पाच नंबरच्या बुटांत शूहॉर्नने कोंबत असे. त्या वर्षी जाड तळाच्या प्लॅटफॉर्म बुटांची साथ आली होती. बायका टाचेला प्लास्टर लावून दुकानात येत आणि आणखी उंच जोड घेऊन जात. मी ताईला हे सगळं ऐकवलं. म्हटलं, "हे बायकांना बांधून ठेवायचं साधन आहे."

ताई ड्युटीवरून आली होती. पायातले काळे, सपाट, नाडीचे बूट काढून ती गरम पाण्यात पाय सोडून बसली होती.

"आणि हे?" तिने त्या काळ्या बुटांकडे बोट दाखवलं. "हे घातले की सगळं जग मला बेडपॅन मागतं. आरामाचे घाला तर सिस्टर, फॅशनचे घाला तर लंगडी. मला काय आवडतं, ते कुणी विचारलंय का कधी?"

"काय आवडतं तुला?"

"बसायला," ताई म्हणाली.

मी दुकानातून मरून रंगाचा जोड आणला. पुढे दीड इंच सोल, मागे साडेचार इंच टाच. हिशेब करून पाहिला, चार इंच वाढत होते. हवे होते तीन. कॉलेज सोडलं तरी इंजिनीअरचा सेफ्टी फॅक्टर, गरजेपेक्षा थोडं जास्तच धरायचं, सुटला नव्हता. मग बूट झाकतील इतकी साडी खाली सोडली, निऱ्यांना पिना मारल्या, आणि तालीम केली. ताई चालली, वळली, नमस्कार केला, पडली नाही. तालीम आम्ही बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये केली, कारण घरात कुणी बूट घालून येत नाही.

हे शेवटचं वाक्य तुम्ही पुन्हा एकदा वाचा. मी त्या वेळी वाचलं नाही.

शनिवारी आम्ही गाडीने लंडनला गेलो. अप्पा कॉव्हेंट्रीहून येऊन लिव्हरपूल स्ट्रीटला उभे होते. त्यांनी ताईला खालून वर पाहिलं आणि म्हणाले, "उत्तम. पाच-पाच वाटतेस." माझ्याकडे पाहून मान हलवली. पावणेदोन वर्षांतला आमचा तो पहिला संवाद. इल्फर्ड स्टेशनपासून बापटांचं घर दहा मिनिटांवर. ताईला अर्धा तास लागला. ती माझा दंड धरून चालली होती, आणि चेहरा असा की जणू तिलाच ऑपरेशनला नेत होते.

दार बापटकाकांनी उघडलं. त्या घरात दार उघडणं हेच त्यांचं काम असावं, कारण नंतर दिवसभर ते काही बोलले नाहीत. नमस्कार केला, बाजूला झाले आणि म्हणाले, "या ना. चपला इथे."

दाराच्या आत रबरी मॅट. मॅटवर ओळीने चपला, बूट, एक गमबुटांचा जोड. पलीकडे कार्पेट.

आम्ही तिघं त्या मॅटकडे पाहत राहिलो. एक माणूस वीस वर्षं मापं घेणारा, एक नर्स, आणि एक बुटांच्याच दुकानात काम करणारा. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की मराठी घरात माणूस बूट काढून आत जातो. आम्ही स्वतः जन्मभर हेच करत आलो होतो.

अप्पांनी मुकाट्याने स्वतःचे बूट काढले. अशा प्रसंगी वडीलधारी माणसं एवढं एक हमखास करतात, स्वतःपुरतं उरकून घेतात. ताई माझ्याकडे पाहत म्हणाली, "जाऊ दे," आणि वाकायला लागली.

तिथे थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही.

"ताईला बूट काढता येत नाहीत," मी म्हणालो. "डॉक्टरांनी सांगितलंय."

आतून बापटकाकू आल्या. ठेंगण्या, नऊवारीतल्या, वर कार्डिगन. "काय सांगितलंय डॉक्टरांनी?"

"बूट काढायचे नाहीत."

"का बरं?"

"पाय. डावा पाय किंचित लहान आहे. खास करून घेतलेले बूट आहेत ते."

ताईने माझा दंड सोडला.

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "कागदावर नव्हतं हे. किती लहान?"

"पाऊण इंच."

"जन्मापासून?"

"जन्मापासून," मी म्हणालो.

"सायकलवरून पडली," अप्पा त्याच क्षणी म्हणाले.

काकूंनी आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. अप्पा घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे अगदी लहान असताना पडली. जवळजवळ जन्मापासूनच."

काकूंनी आत हाक मारली. "दिलीप, जरा येतोस का? मुलीचा पाय बघायचाय."

आता मला सांगा, इंग्लंडात इतके मराठी डॉक्टर. कुणी कानाचा, कुणी पोटाचा. नेमका हाडांचा माणूस मीच विसरावा? सहा रविवार ऐकून?

दिलीप आला. सडपातळ, जरा वाकलेला, अंगात ब्राऊन स्वेटर. त्याने ताईकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग आईने पाऊण इंचाबद्दल सांगितलं आणि तो चेहरा गोंधळला.

"फोनवर बोलला नाहीत तुम्ही," तो ताईला म्हणाला. रागाने नाही. जरा दुखावल्यासारखा.

ताई जिन्याच्या पायरीवर बसली. शांतपणे एक बूट काढला, मग दुसरा. टाचांवर फोड आलेले होते. ती उभी राहिली आणि एकदम चार इंच खाली गेली. साडी तिच्याभोवती कार्पेटवर गोल पसरली. कुणीतरी तिला जमिनीत ठोकून बसवल्यासारखं दिसत होतं.

"माझे दोन्ही पाय सारखे आहेत," ती म्हणाली. "उंची पाच-एक आहे. पाच-चार अप्पांनी लिहिली. बूट याने आणले. मला यातलं काहीच नको होतं."

मी बापटकाकूंकडे पाहिलं. आता स्फोट होईल, असं वाटलं. काकूंनी मान डोलावली.

"पाच-एकच धरली होती आम्ही. कागदावरच्या उंचीतून तीन इंच वजा करायचेच असतात. आमच्या दिलीपची पाच-अकरा लिहिलीय, आहे पाच-आठ. अहो, सगळेच लिहितात. उंचीचं काही नाही हो."

उंचीचं काही नाही. ताईचे फोड, माझा सेफ्टी फॅक्टर, इल्फर्डचा अर्धा तास, सगळं काही नव्हतं. या थोरामोठ्यांची एक आपसातली बेरीज-वजाबाकी असते. ते खोटं लिहितात, समोरचे बरोबर तेवढं पुसतात, आणि कुणाचं बिघडत नाही. आम्हा पोरांना हे कुणी शिकवत नाही.

"पण पायाचं काय?" काकू म्हणाल्या.

दिलीपने टेप आणली. ताईला दिवाणखान्यात बसवलं, कमरेपासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय मोजले. "अगदी सारखे आहेत, आई."

"मग हा असं का बोलला?"

सगळे माझ्याकडे वळले. काकू समोर बसल्या. "उंची वाढवून सांगतात, शिक्षण वाढवून सांगतात, समजू शकते. पण धडधाकट बहिणीच्या अंगात व्यंग आहे असं कोण सांगतं? असा भाऊ मी पाहिला नाही. काहीतरी आहे यात. तुम्ही लपवताय."

दिलीप म्हणाला, "आई, जाऊ दे ना."

"जाऊ कसं देऊ? एक पाय नाही तर दुसरं काहीतरी असेल." त्यांनी पोह्यांच्या बशा पुढे केल्या नव्हत्या, ट्रे तसाच मांडीवर धरून ठेवला होता. ताई त्या ट्रेकडे पाहत होती. सहा रविवारांचं हसणं त्या ट्रेवर ठेवलेलं होतं आणि ते आत परत जाणार होतं.

तेव्हा अप्पा बोलले.

"तुमच्यापासून काय लपवायचं," ते आवाज खाली घेऊन म्हणाले. "मुलगी चोख आहे. मुलाचं जरा... डोक्याचं आहे. कॉलेज त्यामुळेच सोडावं लागलं."

"अरेरे," काकू म्हणाल्या. ट्रे थोडा पुढे सरकला आणि मध्येच थांबला. "आईकडून आलंय की तुमच्याकडून?"

"कुणाकडूनच नाही. इथे आल्यावर झालं. थंडीने."

काकूंनी विचार केला. "होतं इथल्या थंडीने काही मुलांचं," त्या म्हणाल्या आणि बशा वाटल्या. मला चमचा दिला नाही. माझ्या बशीतले पोहे त्यांनी स्वतः कालवून दिले.

माझ्याकडे भाषण तयार होतं. पावणेदोन वर्षांपासून तयार होतं, अप्पांवर, त्यांच्या निळ्या शाईवर, मुली बघण्यावर, टाचांवर. मी तोंड उघडलं. समोर दिलीप स्वतःच्या सपाता आणून ताईच्या पायांपुढे ठेवत होता. त्या तिला दोन नंबर मोठ्या होत्या. तिने पाय सरकवले आणि जिन्याखालच्या फोनवर हसायची तशी हसली.

मी तोंड मिटलं.

"शांत आहे पण," काकू अप्पांना म्हणाल्या.

"गोळी दिलीय," अप्पा म्हणाले.

लग्न दोन महिन्यांनी झालं. ताईने सपाट चपला घातल्या, सोनेरी पट्ट्यांच्या, स्वतः निवडलेल्या. त्या दिवशी मी तिला विचारलं, "आता खरं सांगून टाकू का?"

"वेडा आहेस का?" ती म्हणाली आणि तिने स्वतःच जीभ चावली. मग म्हणाली, "आत्ता सांगितलंस तर अप्पा खोटे पडतील आणि सासूबाईंना वाटेल लपवालपवी झाली. थोडे दिवस जाऊ देत."

याला आता चार वर्षं झाली. नॉटिंगहॅमचं ते बिऱ्हाड सुटलं, त्याबरोबर सोफाही गेला. बापटकाकूंचा गोतावळा मोठा आहे, आणि त्या फार प्रेमळ आहेत, त्यामुळे माझी चौकशी त्या सगळ्यांकडे करतात. मराठी मंडळाच्या गणपतीला लोक माझ्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलतात, माझ्या हातात निरांजन देत नाहीत. मी पंचवीस वर्षांचा आहे, नोकरी आहे, उंची पाच फूट नऊ इंच, खरी. इल्फर्डपासून कॉव्हेंट्रीपर्यंत एकाही घरातून मला आजवर स्थळ आलेलं नाही.