शकुनाचे शंभर मिली

माझ्या मुलीच्या केमिस्ट्रीच्या परीक्षेत मी पाणी घातलं. म्हणजे खरोखरचं पाणी. शंभर मिली.

आता मी कोण, ते सांगतो. मी किनवटच्या पल्याडचा. सहावीत शाळा सुटली आणि पोटापाण्यासाठी औरंगाबादेत आलो (तेव्हा शहराचं नाव तेच होतं, आणि गावाहून इथं यायला एस.टी.त अख्खा दिवस मोडायचा). एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये मला कामाला घेतलं ते जहागीरदार मॅडमनी. मुलाखतीत त्यांनी फक्त एक परीक्षानळी धुवायला दिली. मी ती धुतली आणि उजेडाकडं धरून बघितली. मॅडम म्हणाल्या, "बघितलंत ना, गंगाधर? बास. उद्यापासून या." त्या उपकाराच्या ओझ्याखाली मी वीस वर्षं वाकून चालत होतो. कुठं काही फुटलं की माझ्या छातीत आधी फुटायचं!

लॅबमधली पोरं मला मामा म्हणायची. माझी लेक सुमी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला त्याच कॉलेजात आली, आणि ती सोडून सगळ्या वर्गाचा मी मामा झालो.

मॅडमची परीक्षा घ्यायची तऱ्हा न्यारी. प्रत्येकाला एका बाटलीत ॲसिड द्यायचं आणि ते किती तेज आहे ते शोधायला लावायचं. पण दहा मार्कांपैकी बरोबर उत्तराला दोनच! आठ मार्क कशाला? तर ते उत्तर कसं काढलं, का पटलं, कुठं शंका आली, ते लिहायला. "मला आकडा नको, आकड्यामागचं डोकं पाहिजे," असं त्या म्हणायच्या. पाठांतरवाली पोरं या परीक्षेत टपाटपा पडायची. गेल्या खेपेला आमची सुमीही पडली. आकडा बरोबर आणि खाली नुसता कोरा कागद!

त्या दिवशी ती घरी येऊन मला म्हणाली, "दादा, आणखी एकदा बसते. या वेळी पण पडले तर कॉलेज बंद."

शाळा बंद होते तेव्हा काय काय बंद होतं, ते मला ठाऊक होतं.

तर परीक्षेचा दिवस उजाडला आणि नळाला पाणी आलं नाही. आमच्या शहरात ही काही बातमी नव्हे. पण आमच्या घरची रीत अशी की कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की दारात काठोकाठ भरलेली कळशी ठेवायची. तिच्याकडं बघून उंबरा ओलांडायचा. त्या दिवशी कळशी निम्मी! सुमी घाईत निघाली, निम्म्या कळशीकडं बघितलं आणि हसत गेलीसुद्धा.

माझी बायको पारू मात्र मटकन खाली बसली. "आता वं काय? निम्मी कळशी बघून गेली लेकरू!"

"काय नाय होत," मी म्हणालो. (पण कळशीकडं बघायचं टाळलं.)

"काय नाय कसं? तुमी तिथंच जाताव ना? मग भरलेलं कायतरी दावा तिला!"

मुलगी परीक्षेला होती म्हणून मॅडमनी मला आत थांबायला मनाई केली होती. बाटल्या मांडायच्या, बाहेर स्टुलावर बसायचं आणि वेळ झाली की घंटा द्यायची. बाटल्या मॅडमनी आदल्या दिवशीच स्वतः भरून ठेवल्या होत्या. प्रत्येक बाटलीवर मी निळ्या पेन्सिलनं रेघ मारून दिली होती, म्हणजे सगळ्यांना सारखं, शंभर मिली. माझा आकड्यांपेक्षा रेघेवर भरवसा जास्त.

मांडता मांडता सुमीच्या नंबराची बाटली हातात आली. निम्मी! रेघेच्या वर सगळी रिकामी. (तशा सगळ्याच बाटल्या निम्म्या होत्या, पण मला दिसली ती हिचीच.) घरी निम्मी कळशी, इथं निम्मी बाटली! माझ्या डोळ्यांपुढं पारू उभी राहिली. कॉपी थोडीच करायची होती? मी शेजारचं डिस्टिल्ड वॉटर उचललं (लेकीला नळाचं पाणी देऊ की काय! आणि नळाला होतं कुठं?) आणि बाटली गळ्यापर्यंत भरली. बूच लावलं, दोनदा हलवली, हात जोडले. बाहेर स्टुलावर बसलो तेव्हा मन इतकं शांत होतं की डुलकी लागली.

जाग आली ती आतल्या आवाजानं. बाहेरून आलेले परीक्षक सिद्दीकी सर तोंडी परीक्षा घेत होते, शेजारी मॅडम. मोठा दिलदार माणूस. मराठीत सुरू करायचे आणि कुठंही संपवायचे. दार किलकिलं होतं. मी कान लावला, एक डोळाही.

"बेटा, हे काय? तू दोन उत्तरं लिहिलीस. इम्तिहान में दो-दो जवाब?"

"सर, पहिलं उत्तर बाटलीत आत्ता आहे त्याचं," सुमीचा आवाज. "तीनदा थेंबाथेंबानं अल्कली घालून बघितलं, तिन्ही वेळा तेवढ्यालाच गुलाबी झालं. म्हणजे हाताची चूक नाही. दुसरं उत्तर मॅडमनी दिलं होतं त्याचं. ते बरोबर दुप्पट आहे."

"दुप्पट कशावरून?"

"प्रश्नपत्रिकेत लिहिलंय, शंभर मिली दिलंय. बाकी सगळ्यांच्या बाटल्या निळ्या रेघेपर्यंत आहेत. माझी गळ्यापर्यंत होती. मोजलं तर दोनशे भरलं. म्हणजे शंभर मिली कुणीतरी वरून घातलं."

माझ्या हातातली घंटा एकदम जड झाली.

"लेकिन ते वरचं ॲसिडच असेल तर? मग दुप्पट कशाला?"

"ॲसिड मॅडमच्या कपाटात कुलपात असतं, सर. सकाळी बाहेर फक्त डिस्टिल्ड वॉटर होतं." सुमी जरा थांबली. "आणि आज आमच्या घरी कळशी निम्मी होती."

"कळशी? कळशीचा काय संबंध?"

मग सुमीनं सगळं सांगितलं. पारू, उंबरा, नळ, सगळं! मला वाटलं स्टुलासकट जमिनीत जावं. एकीकडं नोकरी जाताना दिसत होती, आणि दुसरीकडं... काय सांगू, ऊर भरून येत होता. ही पोरगी बाटलीत बघून बाप ओळखते!

मॅडमनी पर्स उघडली. मूळ आकड्यांचा कागद तिच्यात होता. त्या कागदाची घडी उलगडायला त्यांना जो वेळ लागला, तेवढ्यात मी किनवटला जाऊन परत आलो.

"बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "मूळ आकडा हिनं काढला तोच आहे."

सिद्दीकी सरांनी टेबलावर थाप मारली. "वल्लाह! मॅडम, हा सवाल तर आपण पण काढला नसता! दस में दस द्या!" आणि मग दाराकडं तोंड करून ओरडले, "ओ मामा! अंदर या! तुमचा व्हायव्हा बाकी आहे!"

मी आत गेलो. सुमी मान खाली घालून हसू दाबत होती. मी मॅडमपुढं हात जोडले. "मॅडम, चुकलं. लई चुकलं. काढून टाका, पण पोरीचं..."

"पोरीचं झालं," मॅडम म्हणाल्या. आवाज कडक होता, पण चष्म्यामागं डोळे हसत होते. "पुन्हा एका बाटलीला हात लावाल तर खरंच काढून टाकीन. आता तुम्ही सांगा. ॲसिडची निम्मी बाटली, तेवढंच पाणी घातलं. काय होईल?"

मी जोडलेले हात सोडले. "ॲसिडचा जोर निम्मा होईल."

"शाब्बास! कशावरून?"

मी बाटलीकडं बघितलं. रेघेकडं बघितलं. छताकडं बघितलं. मग खरं ते सांगून टाकलं, "सुमी आत्ता म्हणाली ना, त्यावरून."

मॅडमनी हातातल्या कागदाच्या कोपऱ्यावर लाल पेननं लिहिलं आणि मला दाखवलं. उत्तराला दोन. विचाराला शून्य.

घरी आलो तर पारू उंबऱ्यातच उभी. सुमीचे दहापैकी दहा सांगितले. तिनं आधी कळशीला हात जोडले, मग लेकीला जवळ घेतलं. मग माझेही सांगितले, दहापैकी दोन.

तिनं मला खालीवर निरखलं आणि म्हणाली, "तुमच्या मानानं लई झाले."